वाया जाणारा जाळ

४ मे १९९८

कारखान्याचा पट्टा पडला. ऊस संपला, मशिनी थांबल्या. आता दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटेपर्यंत ह्यांना निम्मा पगार. गेल्या दोन्ही वर्षी या दिवसांत दुकानातून वहीवर सामान आणलं आणि मग सगळा हंगाम ती वही फेडण्यात गेला. यंदा नाही. ह्यांना म्हटलं, "औंदा वही नको. घरातच जरा हात आखडून बघू."

हे म्हणाले, "बघ. पण चहात साखर कमी घालायची न्हाई. साखर कारखान्यात कामाला हाय मी."

पंचाईत झाली. सुरुवात साखरेपासूनच करणार होते.

७ मे

डाळ रात्रीच भिजत घातली तर निम्म्या रॉकेलवर शिजते. भात शिजताना वरच्या झाकणात पाणी ठेवलं, तेही कढत झालं — भाकरीचं पीठ त्यातच मळलं. स्टोव्हच्या वाती कापून सारख्या केल्या. जाळ निळा आला.

हे एसटी सोडून सायकलवर दौंडला जाऊन आले. आल्या आल्या दोन तांबे पाणी प्यायले. म्हणाले, "पाणी फुकट हाय तवर ठीक हाय."

तेल कमी घालून पिठलं केलं. ते कढईलाच राहिलं, खरवडून खाल्लं. तेलात काटकसर नाही. लिहून ठेवते म्हणजे परत करणार नाही.

११ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात वंदनेला सगळी वस्ती. हे एका टोकाला, नवनाथदादा दुसऱ्या टोकाला. सख्खे भाऊ. दोन वर्षं झाली, एकमेकांशी बोलत नाहीत. घर एकच, अंगण एकच, चुली तेवढ्या दोन. मोठ्या जाऊबाई राजश्रीताई तिकडच्या खोल्यांत, मी इकडच्या. आमच्या दोघींचंही बोलणं त्या भांडणातच बंद पडलं. सासूबाई — आत्या म्हणतो आम्ही — एक तारखेपासून पंधरापर्यंत माझ्याकडं, उरलेला महिना त्यांच्याकडं. महिन्यातून दोनदा गाठोडं घेऊन अंगण ओलांडतात.

आज दोन्ही घरी खीर. आत्यांनी दोन्हीकडची खाल्ली. म्हणाल्या, "पातेली दोन, जाळ दोन. खाणारी तोंडं तीच." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१२ मे

भांडण काय होतं ते एकदा लिहूनच टाकते. मामा, म्हणजे सासरे, कारखान्यात नोकरीवर असतानाच वारले. त्यांच्या जागी एका मुलाला घेणार होते. थोरले दादा. पण दादांनी सातवीत शाळा सोडली, लोकांच्या शेतात राबले, म्हणून हे आयटीआय शिकू शकले. आणि फिटरचं सर्टिफिकेट होतं म्हणून नोकरी ह्यांनाच मिळाली. दादा म्हणाले, "माझ्या घामावर शिकलास आन् माझ्याच जागेवर बसलास." त्यावर हे गप्प बसले असते तर! पण बोलून गेले, "सातवी नापासाला कोण घेतंय कामावर?"

आठवड्यात दुसरी चूल मांडली.

१९ मे

ह्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्याची भुशाची शेगडी केली. दौंडच्या लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणला, जवळजवळ फुकट. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं भुसा दाबून दाबून भरायचा, मग बाटली हळूच फिरवत वर ओढायची. खालच्या भोकातून पेटवलं की झालं. फुंकायला नको, धूर नावाला. एकदा पेटली की तीन तास सारखा जाळ.

माझा सगळा स्वयंपाक तासाभरात उरकला. शेगडी काही थांबेना. ती मधेच विझवता येत नाही. पाणी तापवलं. शेंगदाणे भाजले. परत पाणी तापवलं. हे म्हणाले, "आता काय, मला बसवतीस का वर?"

समोर राजश्रीताई चुलीपुढं वाकून फुंकत होत्या. लाकडं ओली असावीत. पदरानं सारखे डोळे पुसत होत्या. आणि माझ्याकडं दोन तासांचा जाळ नुसता वर चाललेला. बघवेना.

२० मे

आत्या सध्या तिकडं आहेत. अंगणातूनच म्हटलं, "आत्या, शेगडी रिकामी जळतीया. कुणाचं काय शिजवायचं असंल तर ठेवा." नाव कुणाचं घेतलं नाही.

थोड्या वेळानं आत्या झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. हरभऱ्याची डाळ. "कुणी दिलं इचारू नकोस," म्हणाल्या. मी विचारलं नाही.

२१ मे

पातेलं आलं. मटकी.

२४ मे

आज पातेलं घेऊन राजश्रीताई स्वतः आल्या. शेगडीवर ठेवलं. दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलल्या, "मीठ घातलंय. तू परत घालू नकोस."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. पण दिवसभर हाताला काम हलकं लागत होतं.

१२ जून

आमच्या करुणाची शाळा सुरू होणार, पहिली. गणवेशाचं कापड, शिलाई, पुस्तकं — सगळं एकदम आलं. मी विचारात होते तेवढ्यात राजश्रीताई आल्या. हातात त्यांच्या सुजाताचा पहिलीतला गणवेश आणि कव्हर घातलेली पुस्तकं. "तुझी पोरगी उंच हाय. खालची दुमड उसव. दोन बोटं माया सोडलीया आत."

म्हटलं, "ताई, माया म्हणालात. माझंच नाव घेतलंत."

त्यांना आधी कळलं नाही. मग हसल्या. मी पण. हसता हसता त्यांनी एकदम पदर सावरला आणि निघून गेल्या.

पुस्तकांत एक पान फाटलेलं नाही. पोरीनं कशी सांभाळली असतील.

२१ जून

बाजार उठायच्या वेळेला गेलो, दोघी. तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते, उरलेला वाटा आहे त्या भावात देतात. राजश्रीताई घासाघीस फार सुरेख करतात. आवाज चढवत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. शेवटी भाजीवालाच कंटाळतो.

कांद्याचं अर्धं पोतं दोघींत घेतलं. घरी येऊन तागडीनं वाटलं. शेवटी एक कांदा उरला. दोघी एकमेकींच्या पारड्यात घालायला लागलो. आत्यांनी तो उचलून ओच्यात टाकला. "ह्यो माझा."

२९ जून

काल दादा जेवायला बसले आणि म्हणाले, "आज महिना होऊन गेला, कालवणाला धुराचा वास न्हाई. कुठं शिजतंय?" राजश्रीताईंनी खरं ते सांगितलं. दादांनी हात धुतला. म्हणाले, "त्याच्या जाळावरचं नको मला." भरलं ताट तसंच.

हे मला राजश्रीताईंनी सकाळी हौदावर सांगितलं. इकडं तिकडं बघत. मग घागर उचलून गेल्या.

३० जून

पातेलं आलं नाही.

३ जुलै

नाही आलं. शेगडी दोन तास रिकामी जळली. आता मला भुसा कमी भरून पेटवता येते, पण भरताना हात आपोआप पूर्ण भरतो.

५ जुलै

ह्यांना म्हटलं, "तुम्ही एकदा बोला दादांशी."

"काय बोलू? बोललेलं परत घेता येतं व्हय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं, ह्यांना ते परत घ्यावंसं वाटतं. मला वाटायचं विसरले असतील.

१६ जुलै

आत्यांची तिकडं जायची तारीख. गाठोडं घेऊन निघाल्या आणि अंगणाच्या मध्यात खाली बसल्या. दादा ओट्यावर होते. हे सायकल पुसत होते. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "रॉकेल वाचवताय, कांदं वाचवताय, यष्टी वाचवताय. माझ्या येरझाऱ्या कोण वाचवणार हाय? गुडघं माझं झिजत्यात."

ह्यांनी एकच चाक तीन वेळा पुसलं. शेवटी मी एका बाजूनं गेले, राजश्रीताई दुसऱ्या बाजूनं आल्या. एकीनं गाठोडं घेतलं, एकीनं आत्यांना उठवलं. पाळी तिकडची होती, तिकडं नेलं.

२६ जुलै

तीन दिवस माहेरी, तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन आले. भावाच्या शेतात भेंडी-गवार रग्गड, पिशवी भरून दिली. करुणाला मामाच्या जिपेत पुढं बसायचं होतं, बसली.

वाटेत एकच घोर. ह्यांनी तीन दिवस बाहेर वडापाव खाऊन सगळी काटकसर घालवली असेल. घरी आले तर शेगडी कोमट. भुसा नीट दाबून भरलेला, माझ्यापेक्षा नीट. आमचं ताट घासून पालथं घातलेलं. राजश्रीताईंनी येऊन पेटवली होती, ह्यांना दोन्ही वेळ जेवायला वाढलं होतं.

मी घाबरले. "दादांना कळलं म्हंजी?"

राजश्रीताई म्हणाल्या, "कळलंय की. मीच सांगितलं."

"मग?"

"म्हणालं, 'उपाशी नको ठेवूस.'"

मी भेंडीची अर्धी पिशवी त्यांच्या ओच्यात टाकली. मोजली नाही.

११ ऑगस्ट

पावसानं ओढ दिली. दादांनी वाट्यानं केलेला ऊस सुकायला लागलाय आणि पाण्याचं इंजिन बंद पडलंय. दौंडचा मेकॅनिक चार दिवस येतो येतो म्हणतोय, आणि आला तर मागेल ते द्यावं लागणार. राजश्रीताई सांगत होत्या, तोंड उतरलेलं.

दुपारी ह्यांना म्हटलं, "घरात फिटर असताना बाहेरचा माणूस कशाला?" म्हटलं आणि वाटलं, चुकले. हे चहा प्यायले. पान्यांची पिशवी सायकलला अडकवली आणि गेले.

अंधार पडल्यावर आले, कोपरापर्यंत काळे. "चाललं?"

"चाललं. पाणी सोडलं उसाला."

"दादा काय म्हणाले?"

"काय न्हाई. अंधारलं तवा बॅटरी धरली त्यांनी." हात धूत राहिले. साबण दोनदा लावला, मी काही बोलले नाही. मग म्हणाले, "मी म्हणलं, दादा, त्या दिवशी बोलाय नको हुतं मी."

"मग?"

"मग काय. बॅटरीचा उजेड हलला जरासा. पुन्यांदा सरळ झाला."

१३ ऑगस्ट

पातेलं आलं. तुरीची डाळ, दोन्ही घरांना पुरेल एवढी.

३० ऑगस्ट

चार महिने होत आले, दुकानाच्या वहीवर आमचं एक अक्षर नाही. खरं सांगायचं तर कठीण गेलं नाही. वर्तमानपत्र एकच घेतो, सकाळी इकडं, दुपारी तिकडं. दूध एकाच रतिबाचं. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या झाल्या, एक मी घातली, एक ताईंनी, टाके त्यांचे बारीक. बाजारातून आणलेलं आता तागडीनं वाटत नाही. ते कधी बंद झालं आठवत नाही.

दादा आणि हे अजून बोलत नाहीत. पण हे अधनंमधनं इंजिन बघायला जातात, तेव्हा शेतातून येताना दोघं एकाच रस्त्यानं येतात, पुढं-मागं. आत्या म्हणतात, "राहू दे. एवढं चाललंय ते बी पुष्कळ हाय." मलाही तसंच वाटतं. जास्त मागू नये.

६ सप्टेंबर

दुपारी दादा आमच्या दारात. हातात त्यांच्या घरचा पिठाचा डबा, काठोकाठ भरलेला. डबा माझ्यापुढं ठेवला. "राजश्रीला सांगितलंय, उद्यापासनं तिकडं चूल पेटवायची न्हाई. सम्राट कुठं हाय?"

हे आतून आले. दोघंही उभेच. मग दादांनी चपला काढल्या, आत आले, भिंतीला टेकून बसले. हे शेजारी बसले.

मी दोन ताटं वाढली.