कोल्होबाचं बिऱ्हाड

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, "आई, सुटलीस. कुत्र्याला शेतावरचं एक घर मिळालंय, शनिवारी न्यायला येतो." मी नुसतं "बरं" म्हटलं. ते "बरं" खरं नव्हतं, म्हणून हे पत्र. शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडायला हवं.

तक्रार मीच केली होती, कबूल. तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही म्हणून तू तुझा हस्की माझ्याकडे आणून सोडलास, तेही शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी. काळ्या कोटाचं कापड टेबलावर पसरावं तर पाच मिनिटांत पांढरं. कोट न्यायला आलेल्या वकीलबाईंनी कॉलरमधून एक लांब केस ओढून काढला आणि शांतपणे विचारलं, हे डिझाइनच आहे का. त्याच दिवशी मी तुला म्हटलं, याला घेऊन जा, याने माझा जीव नकोसा केलाय.

तू जागा शोधत राहिलास आणि इथे घर बदलत गेलं. कापायचं टेबल तुझ्या खोलीत गेलं. दाराशी गाऊनवर एप्रन चढवायचा, दार लावून घ्यायचं, मगच कात्रीला हात. कोल्होबा (तू ठेवलेलं नाव माझ्या जिभेवर बसत नाही) पंजाने दाराची मूठ खाली दाबतो, म्हणून सुताराकडून ती उभी बसवून घेतली. कचऱ्याचा डबा कपाटावर चढलाय. मोटारीचं शिलाई मशीन सुरू झालं की हा गळा काढतो, म्हणून पायमशीन माळ्यावरून उतरवलं. गुडघे आधी कुरकुरले, आता गप्प आहेत. आणि सातच्या आत कधी न उठलेली मी ऊन तापायच्या आधी, पाचलाच याच्यामागे फरफटत असते.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवली. उन्हाळ्यात तो सारखा धापा टाकायचा. मला वाटलं, एवढं जाड अस्तर कशाला अंगावर? कात्री हाताशीच होती. पाठीवरचं वीतभर कातरून झालं आणि मलाच भीती वाटली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. म्हणाल्या, "त्या कोटामुळेच तर ऊन लागत नाही त्याला." चाळीस वर्षं लोकांच्या कोटांना अस्तरं लावली मी, आणि हे कळलं नाही. मग पातळ सुती कापडाचं एक पांघरूण शिवलं आणि ते बांधून त्याला फिरवलं. केस येतायत, पण हळूहळू. तू फोटो मागितलास की मी नुसतं तोंड का पाठवते, ते आता कळलं असेल.

आता खरं सांगते. तो यायच्या आधी तू महिन्यातून एकदा फोन करायचास. बरी आहेस ना, बरी आहे, संपलं. आता रोज संध्याकाळी सातला करतोस. चौकशी त्याची असते, जेवला का, फिरला का, पण बोलता बोलता तुझी पाठदुखी, तुझा तिरसट साहेब, सगळं कळतं मला. फोन वाजला की आम्ही दोघंही उठतो. त्याला देऊ नकोस. मला तो हवाय आणि तुझा फोनही हवाय. हे फोनवर बोलायला जमलं नसतं. शनिवारी नक्की ये, पिंजरा न घेता ये, आणि काळे कपडे घालून येऊ नकोस.

तुझीच,
आई