भिंतीला खिळा चालत नाही

३ डिसेंबर २०२४
विंझरला पोचले. कामथडीहून टेम्पोत एक ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी आणि ह्यांचा फोटो. भोरच्या उपेंद्रसाहेबांचं हे बंद घर आता मी सांभाळायचं. १९६१ साली त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, पण कालच रंग दिल्यासारखं. सपाट छत भिंतींच्या हातभर पुढे आलेलं. तोरण्याकडची अख्खी भिंत काचेची. बारीक तिरप्या पायांचं टेबल, वेताच्या खुर्च्या, भिंतीतच बसवलेली कपाटं, विजेची काळी गोल बटणं. मोझेकच्या फरशीवर एक ओरखडा नाही. साठ वर्षांत इथे कुणी राहिलं तरी होतं का, असं वाटावं. साहेबांच्या पत्नी शैलजाताई यांनी एकच बजावलं: भिंतीला खिळा मारायचा नाही, सासऱ्यांनी कधी कुणाला मारू दिला नाही.

काचेशी बसून वाचायला मिळणार. हे गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

५ डिसेंबर
खिळा मारला. ह्यांना ट्रंकेत ठेवून मी खुर्चीत बसायचं, हे काही जमेना. एवढासा तर खिळा. फोटो लावला, हार घातला.

६ डिसेंबर
सकाळी फोटो फरशीवर पालथा. काच फुटलेली नाही. शेजारी खिळा. भिंतीवर भोक शोधलं, बोटाने चाचपलं. भोकच नाही. पुन्हा मारला.

दूध घालायला रतनबाई येते, ती फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. म्हणाली, घर लई देखणं हाय बाई, पन त्याला दुसऱ्याचं कायबी खपत न्हाई. मी म्हटलं, मग तुझं दूध कसं खपतं? तर म्हणे, दूध तुमी पिता, घर न्हाई पीत. मी हसले. ती हसली नाही.

९ डिसेंबर
फोटो पुन्हा खाली. फोटोत सदरा आहे, टोपी आहे. मध्ये पांढरं. भिंतीसारखं पांढरं.

डोळे मिटून चेहरा आठवायला गेले. मिशी आली. बाकीचं —

१० डिसेंबर
रतनबाईला सगळं सांगितलं. म्हणते, आजच्या आज निघा. ट्रंक भरली, पुन्हा सोडली. ह्यांचा चेहरा या घराने घेतलाय. तो इथे टाकून कुठं जाऊ? सकाळी खोकण्याचा आवाज आठवत होता. दुपारी तोही गेला.

रतनबाई म्हणाली, नाव तरी लिहून ठेवा. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्यात घेत नाहीत. या वहीतसुद्धा 'हे'च लिहीत आले. आज पेन टेकवलं आणि हात चालेना. लाज वाटली.

११ डिसेंबर
फाटकाबाहेर जाऊन रतनबाईच्या कानात नाव सांगितलं. ती म्हणाली, आता ह्ये माज्यापाशी ऱ्हाईल. उद्या-परवा तुमी इसरला तर हितनं हाक मारीन, ऐकलं की तशाच भाईर या, मागं बगू नका. मी म्हटलं, नाव ऐकलं तर येईनच की. माझ्या माणसाचं नाव मला कळणार नाही होय?

आत आले. फरशी गार.

१२ डिसेंबर
मागची पानं चाळली. 'ह्यांचा फोटो' असं लिहिलंय. माझंच अक्षर. कुणाचा?

१३ डिसेंबर
घर झाडून काढलं. टेबलावर एक रिकामी चौकट पडली होती, सुकलेला हार घातलेली. कुणाची कोण जाणे. केरात टाकली. भिंत कशी छान दिसते.

फाटकाशी दूधवाली केव्हाची ओरडतेय. चिमाजी, चिमाजी म्हणून. रडतेयसुद्धा. बाई चुकीच्या घरी आली असणार. इथे मी एकटीच, या घरात चिमाजी नावाचं कुणी कधी —