बारापर्यंतची थाप

२६ मार्च
बायको बहिणीकडे गेली त्याला आज नऊ दिवस. दोन बॅगा नेल्या. हवापालट. रविवारपर्यंत येईल.
साहेबांनी नोटीस बोर्डासाठी एप्रिल फूलवर लेख मागितला. उगम आणि परंपरा. असले विषय ते माणूस बघूनच देतात.

२८ मार्च
लेख जोरात. पूर्वी म्हणे नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं. एका राजाने ते जानेवारीत नेलं. काही लोक जुन्याच दिवशी सण करत बसले आणि सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पक्का पुरावा नाही, पण मला पटलं. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नसेल.
रात्री ब्रेड. भूक नव्हतीच.

३० मार्च, रविवार
आली नाही. बसला गर्दी असणार.

३१ मार्च
एका देशात पाठीवर गुपचूप कागदी मासा चिकटवतात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शर्ट उलटा घातलाय तुम्ही.
निश्चय: उद्या बायकोला फोन. शिडीवरून पडलो, पाय मोडला. ती धावत येणार. दारात मी ठणठणीत. ती हसणार. विषय संपला.
एक नियम सापडलाय. थाप दुपारी बारापर्यंतच. नंतर मारणाराच मूर्ख.

१ एप्रिल, ११.४०
फोन मेहुणीने उचलला. ताई बाहेर गेलीय म्हणाली. पायाचं बोललो नाही. उगाच घाबरायची.

१ एप्रिल, १२.२०
बायकोचा फोन. बारा वाजून गेलेले, म्हणून पायाचा विषय काढला नाही. नियम म्हणजे नियम.
तिने खोली घेतलीय. भाड्याने, कालपासून. मी म्हणालो, छान, जवळजवळ फसलोच होतो. ती म्हणाली, गंमत नाही ही, तुला सतरा तारखेलाच सगळं सांगितलं होतं. मग जेवलास का विचारलं. हो म्हणालो.
लेख बोर्डावर लागला. एकाच टाचणीवर. वाऱ्याने पालथा होतो.

२ एप्रिल, संध्याकाळी
ती आणि मेहुणा शिलाई मशीन न्यायला आले. जिना अरुंद. वरची बाजू मेहुण्याने धरली, खालची मी. सगळा भार माझ्यावर, पण काहीच जाणवलं नाही. वळणावर ती एकदम ‘सांभाळून!’ म्हणाली. किती काळजी! मग तिने मशीनच्या चाकाला टॉवेल गुंडाळला. माझा होता. असू दे म्हणालो.
टेम्पो गेला. मी फाटकातच उभा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, मशीन कुठे नेलं?
दुरुस्तीला, म्हणालो. आठवड्याभरात येईल.