ढ-गुणक

प्रिय ढ,

दचकलास ना? या नावानं तुला हाक मारणारी जगात मी एकटीच होते, त्यामुळे पुढचं वाचायच्या आधी केबिनचं दार लावून घे. दारावर विभागप्रमुख अशी पितळी पाटी आहे म्हणे हल्ली. छान. आणि हे हातानं लिहिलंय, कारण मेल केला असता तर तू तो पुसून टाकला असतास आणि वर मिळालाच नाही म्हणाला असतास. तुझी ओळख मला काल-परवाची नाही.

माझं विचारशील तर मी शिकवण्या घेते. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथे. गणिताचं तेच सॉफ्टवेअर, जे मी तुला शिकवलं. दोन टेबलं, जुने कॉम्प्युटर आणि फिरण्यापेक्षा कुरकुर जास्त करणारा पंखा. प्रबंध द्यायची वेळ जवळ आली की पोरंपोरी तो अरुंद जिना चढून येतात, पडद्यावर लाल अक्षरांत एरर आणि तोंडावर बारा वाजलेले. मी कुणालाही प्रोग्राम लिहून देत नाही. कितीही गयावया केली तरी नाही. शेजारी बसते आणि त्यांच्याच बोटांनी लिहून घेते. आयतं लिहून दिलं की त्याचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, तुलाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. लॅपटॉप छातीशी धरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली की मॅडम, माझा प्रोग्राम चालत नाही आणि घरी विचारायची सोय नाही. बसवलं तिला. पहिल्याच ओळीत चूक सापडली. आकड्यांच्या दोन रांगा जोडीजोडीनं गुणायच्या असतील तर गुणाकाराच्या चांदणीआधी टिंब द्यावं लागतं, आणि ती टिंब विसरली होती. समजावून सांगितलं, तिनं मान हलवली आणि दोन ओळी खाली पुन्हा विसरली. मी ओरडले, टिंब! ओरडले आणि माझंच मला कसंतरी झालं. आठवतं ना? तू रोज विसरायचास, मी रोज ओरडायचे. शेवटी तू माझं नावच टिंब ठेवलंस, आणि मी तुझं ढ. दोन बाकांवरून सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं आपण एकमेकांना हाका मारायचो आणि लोक हसायचे.

मग ती मुलगी अगदी तुझ्यासारखं अंगठ्याचं नख चावत पडद्याकडे बघत बसली, आणि मी मनात म्हटलं, खाण तशी माती. तिनं मूळ प्रोग्राम उघडला. सगळा विभाग हाच वापरतो म्हणाली. मी वाचत गेले. प्रत्येक ओळ माझी. रिकाम्या जागा सोडायची माझी खोडसुद्धा जशीच्या तशी. आणि मधोमध तो आकडा, शून्य पॉइंट त्र्याण्णव, ढ या नावाचा. मुलगी अभिमानानं म्हणाली, हा बाबांचा ढ-गुणक, पुस्तकात आहे.

मी तिला पाणी दिलं, मीही प्यायले. तू कोण, मी कोण, यातलं एक अक्षर बोलले नाही. आजपर्यंत बोललेले नाही.

लोखंडी तुळईवर वजन ठेवलं की ती किती वाकते, एवढाच आपला विषय होता. प्रोग्राम मी लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत. वडिलांचं अंग लुळं पडलं म्हणून मी घाईनं घरी गेले, आणि माझी उरलेली मापं पूर्ण करशील म्हणून सगळं तुझ्या हवाली करून गेले. परत आले तेव्हा गाईडसरांनी दोन अहवाल, तू आधीच दिलेला आणि माझा, शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं की हे कुणाचं उतरवलंस? तू तिथेच होतास. खिडकीतून बाहेरचं झाड बघत होतास. असं काय होतं रे त्या झाडात? एका शब्दानं काम झालं असतं. नंतर जिन्यात गाठलंस आणि म्हणालास, चिडतेस कशाला, लग्न झाल्यावर तुझं-माझं वेगळं का राहणार आहे? आणि हसून म्हणालास की तुझ्या प्रोग्राममध्येसुद्धा माझंच नाव आहे, ढ! चोर तो चोर, वर शिरजोर. लग्न तू केलंस ते दुसरीशीच. माझ्या नावापुढे पदवी लागली नाही, नक्कल करणारी एवढं मात्र लागलं. पुढे मी जिथे जिथे नोकरीला अर्ज केला तिथे ते माझ्याआधी पोचलेलं असायचं. वडील शेवटपर्यंत विचारत होते की तुझं कॉलेज संपलं का गं. मी हो म्हणायचे.

वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले. तुझा सत्कार झाला, तुझं पुस्तक निघालं, सगळं माझ्या कानावर यायचं आणि मी दातओठ खायचे. त्यामुळे तुझी लेक माझ्यासमोर बसली तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्या मनात काय काय आलं ते लपवत नाही. वाटलं, हिला असं शिकवावं की भर सभेत हिची फजिती व्हावी. हिच्या प्रोग्राममध्ये एखादी पाचर मारून ठेवावी. जमलं असतं, डाव्या हातानं. पण पोर गुणी आहे. चूक कळली की स्वतःवरच हसते. मला मावशी म्हणायला लागली, येताना खालच्या दुकानातून माझ्यासाठी चहा घेऊन यायला लागली. तिच्यावर राग काढवेना. आणि मग एक दिवस लख्ख उमगलं की हिला नीट शिकवण्यासारखा दुसरा सूड नाही.

म्हणून नीट शिकवलं. प्रत्येक आकड्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून? तिनं विचारायला सुरुवात केली आणि ढ-गुणकापाशी अडली. तुमच्या लॅबमधल्या नव्या यंत्रावर तिनं मापं घेतली, ढ-नं गुणली, की उत्तर खऱ्यापेक्षा कमी यायचं. तुळई वाकते जास्त, आणि प्रोग्राम म्हणतो की नाही, कमीच वाकली. तिनं तुला विचारलं. तू जेवणाच्या टेबलावर तिच्या अंगावर खेकसलास की ते तसंच असतं, त्याला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, काढून तर बघ. काढला, आणि उत्तर खऱ्याशी तंतोतंत जुळलं. तुझं पुस्तक मी आणून वाचलं. लोखंडाच्या अंगी एक उपजत ताठरपणा असतो आणि ढ-गुणक त्याचं माप आहे, अशी पानंच्या पानं! हसून हसून पोट दुखलं. अरे, दुसऱ्याची वस्तू उचललीस ती उचललीस, निदान ती काय आहे हे तरी विचारायचंस.

सोमवारी तिची शेवटची परीक्षा आहे, भरल्या सभागृहात. तू पहिल्या रांगेत बसणार. बाहेरून येणारे परीक्षक फार खोदून विचारतात असं ती सांगत होती. ते विचारणारच की सगळे जो गुणक वापरतात तो तू का काढलास? तिच्याकडे मापं आहेत, कारण नाही. मी ते तिला सांगितलेलं नाही. ते म्हणतील की पोरी, तुझीच मापं चुकली, पुन्हा सगळं कर. इतक्या वर्षांचं काम तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात जाईल. त्या क्षणी ती वळून तुझ्याकडे बघेल. कारण गुणक बाबांचा, म्हणजे उत्तर बाबांना येणारच.

ते उत्तर तुला येत नाही, म्हणून हे पत्र. नीट ऐक, शेवटची शिकवणी आहे. ढ म्हणजे तू नव्हेस रे. ढ म्हणजे ढिला काटा. आपल्या लॅबमधल्या वाकणं मोजायच्या त्या जुन्या यंत्राची स्प्रिंग सैल झाली होती, काटा नेहमी पुढे पळायचा. मी जाडी माहीत असलेल्या पट्ट्या लावून तपासलं आणि त्याची खोड काढायला त्र्याण्णव घातले. यंत्र कधीच भंगारात गेलं असेल, त्याचं औषध मात्र तू आजवर धडधाकट यंत्रांना पाजतो आहेस. सोमवारी उभा राहा आणि एवढंच सांग, की हा गुणक म्हणजे एका ढिल्या काट्याची दुरुस्ती आहे, आणि मला ते ठाऊक नव्हतं, कारण प्रोग्राम माझा नव्हता. लेक पास होईल, तुझं नाव जाईल. आणि पुन्हा झाडं बघत बसलास, तर मी शेवटच्या रांगेत असेन, तिनंच आग्रहानं बोलावलंय. मग मी उठेन, ढिल्या काट्याचं आणि या पत्राचं सांगेन आणि लेकीला पास करीन, पण तेव्हा तिला कळेल की बाबांना येत होतं आणि बाबा गप्प बसले. नाव दोन्हीकडून जाणार आहे. लेक राहते की जाते, एवढंच तुझ्या हातात ठेवलंय. पाठ होत नसेल तर कागदावर लिहून ने. तुला उतरवून घेणं पहिल्यापासून छान जमतं.

तुझीच,
टिंब