काचफोडी

बाबा,

परवा कंदिलाची काच पुसायला घेतली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे. लढाईपायी काच भेटून नाई राह्यली, अन् तुह्या हाताचं काई खरं नाई." मंगरूळपीरच्या या घरात मी लेकरं वाढवली, वांग्या-मिरच्यांचा मळा नवऱ्याच्या बरोबरीनं ओढला, दोन दिरांची लग्नं निस्तरली, पण काच म्हटली की मी अजून परकी. हे तुमच्यामुळे. तुम्ही मेलात तेव्हा मी रडले, तेही खरं होतं. पण राग काही तुमच्याबरोबर सरणावर गेला नाही. म्हणून लिहायला बसले. शाळेत घातलंत तुम्हीच, मास्तरांची पुस्तकी भाषा कागदावर आपोआप येते. मधेच आपली बोली आली तर समजा की डोकं तापलं.

आपलं कारंज्याचं घर आठवतं का तुम्हाला? पुढे काचांचं दुकान, मागे मायची चूल. देवांच्या तसबिरी मढवायच्या, खिडक्यांच्या काचा कापायच्या, आरसे बसवायचे. काचेला भोक पाडायचं काम क्वचित यायचं, पण आलं की ते स्वयंपाकघरातच व्हायचं, कारण तिथली जमीन सारखी होती आणि वारा नव्हता. काचेखाली घोंगडी. काचेवर कणकेची गोल पाळ, तिच्यात पाणी आणि काच घासणारी कुरुंदाची पूड. मग सुताराचा तो दोरीच्या कमानीनं फिरणारा सामता, त्याच्या टोकाला तांब्याची नळी. माय कणीक देताना दरवेळी कुरकुरायची, "आधी लेकरायच्या पोटात जाऊ द्या, मंग काचेले चारा." आणि भोक चालू असेस्तोवर जातं बंद, उखळ बंद, बोलणंही बंद. शेजारची बाई विस्तव मागायला आली तरी माय तिला दारातच बोट दाखवून थांबवायची.

तुमचा हात जड होता, बाबा. काच कापताना तुमच्यासारखा माणूस नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन; पण सामता हातात आला की तुम्ही दाबायचे. अर्ध्यावर टचकन आवाज व्हायचा आणि तुम्ही मायवर ओरडायचे की जातं फिरवलंस. एकदा तुम्ही वैतागून उठलात आणि मी तुमच्या जागी बसले, कमान धरली. तुम्ही रागावला नाहीत. मागे उभे राहून सांगत गेलात, "दाबू नोको. काचेले गोंजार. आवाज बारीक झाला का थांब, काच पालटव, अन् उलट्या बाजूनं ये. शेवटी तं सामत्याचं वजनबी त्याच्यावर टाकू नोको." नळीतून काचेची गोल टिकली सुटून आली, कडेला एक कपचा नाही. तुम्ही ती उजेडात धरली आणि हसलात. तुमचं ते हसणं मला आजही पुरतं, हीच तर गोची आहे.

त्या दिवसापासून भोकं माझी झाली. पण दुकानात नाही. दुकानात तुम्ही त्या टिकल्या गिऱ्हाइकासमोर ओळीनं मांडायचे आणि म्हणायचे, "पाहा, आपल्या हातची कड." आपल्या हातची! मी आत दाराआड ऐकायची. तेव्हा मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पोरीच्या जातीनं हत्यार धरलं म्हणून लोक हसतील, तुम्ही मला झाकून घेताय, असंच मी समजले. बावळट होते.

मग कापसाच्या त्या मोठ्या शेटजींचं काम आलं. नातवाच्या बारशाला त्यांना माशांची काचेची पेटी हवी होती, तिच्यात उडतं कारंजं. "कारंज्यात कारंजं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत. लोखंडी चौकट लोहारानं केली. पाणी आत यायला मागच्या काचेत खाली एक भोक, जास्तीचं पाणी बाहेर पडायला बाजूच्या काचेत वर एक. जाड काच, वखारीतून पेंढ्यात गुंडाळून आलेली. फुटली असती तर दुसरी मिळायची नाही. तुम्ही नळीला हातही लावला नाहीत. मी बसले. मायनं त्या दिवशी कणकेवरून कुरकुर केली नाही, देवाजवळ दिवा लावला. दोन्ही भोकं माझ्या बांगडीसारखी गोल आली. पितळी नळाच्या बसणीसाठी चामड्याच्या चकत्याही मीच कापल्या, तुमच्या जुन्या वहाणेच्या. प्रत्येक भोकाला एक चकती आतून, एक बाहेरून, म्हणजे पितळ काचेला भिडत नाही. त्या तेलात भिजवून तुमच्या खिशात घातल्या. हे मी का सांगतेय ते तुम्हाला माहीत आहे.

शेटजींचा दिवाणखाना. गालिचे, तक्के, आत बायकांची कुजबुज. तांब्याच्या घागरीत नागपुराहून आणलेले लाल मासे. मी सांधे बुजवायच्या लुकणाचा डबा घेऊन तुमच्यामागे उभी. भटजी घाई करताहेत, "मुहूर्त टळून राह्यला." शेटजी घाई करताहेत. तुम्ही पेटीत खांद्यापर्यंत हात घातलाय, पाना आवळताय, कपाळावर घाम. आवळलं, पाणी सोडलं, मासे सोडले. कारंजं उडालं. लोक वाहवा करतात. तुम्ही मिशीवर हात फिरवता. आणि मग तो आवाज, तोच, टचकन. मागच्या काचेत भोकापासून कोपऱ्यापर्यंत रेघ गेली आणि सगळं पाणी गालिच्यावर. मासे तडफडताहेत, बारशाचं लेकरू रडतंय.

शेटजींनी विचारलं, "हे कसं काय झालं?"

आणि तुम्ही, बाबा, माझ्याकडे बोट केलं. "भोक पोरीनं पाडलं होतं, शेटजी. मी नोको नोको म्हनत होतो."

इतकी भोकं पाडली, एकही माझं नव्हतं. फुटलं तेव्हा माझं झालं! तुमाले लाज नाई वाटली? एवढ्या मानसांत पोरीले पुढं ढकलाले तुमचा हात जड नाई झाला? सामत्यावर तं लय जड होता! मुनीम म्हणाला, "चुलीजवळचं काम दिवानखान्यात कसं टिकंन?" सगळे हसले. तुम्हीसुद्धा थोडं हसलात. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा कोट धुवायला घेतला, तर खिशात एक चकती. तेलकट, न दबलेली, त्या चारांतली एक. मुहूर्ताच्या घाईत तुम्ही ती घातलीच नव्हती. पितळ थेट काचेवर आवळलं होतं. मी ती मायला दाखवली. ती म्हणाली, "ठेव खाली. बाप हाय तो." मी खाली ठेवली नाही. तुम्ही जेवायला आलात तेव्हा ताटाशेजारी, मिठाच्या जागी ठेवली. तुम्ही पाहिली. मग चकती बंडीच्या खिशात टाकली आणि म्हणालात, "भूक लागली, वाढ." अन् मी वाढलं.

सामता तुम्ही सुताराला देऊन टाकला. बाजारात माझं नाव काचफोडी पडलं. मला बघायला आलेल्यांनी दारातच विचारलं, "ते काचफोडी म्हन्तात ते हेच पोरगी काय?" तुम्ही म्हणालात, "लहान होती तेव्हा." एवढंच. माझ्याआधी नाव सासरी पोचलं. तुम्ही शेवटच्या तापात होता तेव्हा मी उशाशी बसून राहिले. मला औषध-पाणी करायचं होतंच, पण खरं सांगू? मी एका वाक्याची वाट पाहत होते. भोक नीट होतं, पोरी. बस. तुम्ही मिरच्यांना भाव काय आहे ते विचारलंत.

आता इथवर लिहिलं तर पुढचंही लिहिते. मागच्या बाजाराला आम्ही कारंज्याला भाजी घेऊन गेलो होतो. शेटजींच्या सुनेनं मेथी मागवली म्हणून मी त्यांच्या पेढीच्या ओसरीत टोपलं उतरवलं, तर कोपऱ्यात ती पेटी. मागे काचेऐवजी फळी ठोकलेली, आत रुईचे नमुने. बाजूची काच तीच होती. वरचं भोक तसंच. मी टोपलं सोडून गेले आणि त्यात बोट घातलं, सगळ्या कडेनं फिरवलं. एक कपचा नाही. बोटाला साधं ओरखडलंसुद्धा नाही.

हा कागद कुठं धाडायचा, ते काही मला माहीत नाही. पिठाच्या डब्याखाली राहील. राग गेला म्हणून लिहिलं नाही, जाणारही नाही. पण ओसरीत त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून बरं झालं. कारण बोट भोकात होतं आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "बाबा, पाहा ना, कड कशी आली."