तुझी खोली तयार आहे

शुक्रवार, १३ मार्च. रात्री ११.४०. विमानात.

खिडकीची सीट मागितली होती, मधली मिळाली. हरकत नाही. आता सलग सात तास झोप. घड्याळ आत्ताच माझा मित्र ढापण्या याच्या गावच्या वेळेवर लावून टाकलंय, म्हणजे शरीर आपोआप वळणावर येतं. उद्या दिवसा अजिबात झोपायचं नाही. महिनाभर राहायचं आहे. पहिल्याच दिवशी लोळणारा पाहुणा अशी छाप पडता कामा नये.

ढापण्या म्हणजे माझा हॉस्टेलचा रूमपार्टनर. तीन वर्षं एका खोलीत काढली. तो परदेशी गेला त्याला चोवीस वर्षं झाली, पण एक जानेवारीचा त्याचा निरोप कधी चुकला नाही. आधी ई-मेल, आता मोबाइलवर. यंदा तरी ये, तुझी खोली तयार आहे. असा मित्र मिळायला नशीब लागतं. रिटायर झालो आणि सरळ तिकीट काढलं. कळवलं, येतोय. त्याचं उत्तर आलं, कुठे? विनोदबुद्धी अजून शाबूत आहे.

ही आली नाही. म्हणाली, मला कुणी बोलावलेलं नाही. तेही खरंच.

शनिवार, १४ मार्च. पहाटे ४.१५.

झोप शून्य. डावीकडच्या गृहस्थांनी माझा खांदा उशीसारखा घेतलाय. उजवीकडच्या बाई हात ठेवायची दांडी सोडायला तयार नाहीत. दोघंही घोरतात, आळीपाळीने. डोळे मिटून पडणं हीसुद्धा विश्रांतीच असते, असं कुठेतरी वाचलंय.

सकाळी ७.३०. विमानतळ.

ढापण्या नाही. पाऊण तास उभा राहिलो. चेहरा सारखा हसरा ठेवून गाल दुखायला लागले. मग त्याचा मेसेज आला: टॅक्सी घे, सोपं आहे. मला पहिल्या दिवसापासून स्वावलंबी करायचा विचार दिसतो. तरी थोडं लागलंच.

सकाळी ९.१०.

भेट झाली. मी कडकडून मिठी मारली. त्याने पाठीवर तीन थापा मारल्या आणि मोकळा झाला. वहिनी म्हणाल्या, अरे वा, आलात का, आणि लगेच विचारलं, परत कधी? अजून बूटही काढले नव्हते. म्हटलं, काही घाई नाही. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. आनंद लपवत असावेत.

खोली पाहिली. इस्त्रीचं टेबल, चालायचं मशीन आणि आठ खोकी. वहिनी एकेक खोकं बाहेर ओढत होत्या आणि ढापण्या हवा भरायच्या गादीचा पंप शोधत होता. तयार या शब्दाचा अर्थ इकडे वेगळा असावा.

सकाळी १०.४०.

डोळे मिटायला लागलेत. हातापायांना काम हवं. बाथरूमचा नळ ठिबकतोय. पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा नळ बघवत नाही. मी आस्थापना विभागात होतो, पण खातं तेच. कुणाला न सांगता दुरुस्त करून टाकतो. पान्हा खोक्यात सापडला.

सकाळी ११.२०.

नळ हातात आला. इथे आटे उलटे असावेत. तसं कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. पाणी जिन्यापर्यंत गेलं. मुख्य कॉक कुठे आहे ते खुद्द ढापण्याला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं परदेशात राहून हे, मला आवडलं नाही. प्लंबर आला. बाथरूमकडे बघण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं. वहिनींनी मला कोरडे मोजे दिले आणि म्हणाल्या, तुम्ही पडा जरा. फारच आग्रह झाला. पाचच मिनिटं.

रविवार, १५ मार्च. सकाळी ६.१०.

जवळजवळ एकोणीस तास झोप. एकदम ताजातवाना. दाढी आणि आंघोळ उरकली, बूट घातले. आता फिरून येतो आणि येताना सगळ्यांना उठवतो. काल रात्री मला जेवायला कुणी उठवलं नाही. हे मात्र मनाला लागलं. परीक्षेच्या दिवसांत मी याला पहाटे चारला उठवायचो.

शनिवार, १४ मार्च. संध्याकाळी ६.४०.

वरची नोंद रद्द समजावी.

खाली शेजारचं जोडपं चहाला आलं होतं. मी चौघांनाही गुड मॉर्निंग केलं. ढापण्याने मोबाइल दाखवला: शनिवार, १८.१५.

शेजाऱ्याने विचारलं, तुमची इतकी जुनी दोस्ती, बोलावणं आधीपासून ठरलं होतं का? ढापण्या हसत सुटला. दर एक जानेवारीला तो एकच मेसेज दोनशे बारा जणांना पाठवतो. मजकूर वहिनींचा, चोवीस वर्षांपूर्वी एकदाच लिहिलेला. म्हणाला, आजवर खरंच आलेला हा पहिला. सगळे हसले. मीही हसलो. इतरांचं हसून झाल्यावरही बराच वेळ हसत होतो. शेजाऱ्याच्या बायकोने मध्येच विचारलं, तुम्हाला पाणी देऊ का?

मग मी म्हणालो, बुधवारी निघतोय मी, पुढे फिरायचा बेत आहे. तोंडातून निघून गेलं. ढापण्या उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, चारच दिवस रे? इतक्या मायेने तो हॉस्टेलमध्येही कधी बोलला नव्हता. वहिनींनी मला काय काय खायला आवडतं ते विचारून घेतलं.

संध्याकाळी ७.३०.

चौघं बाहेर जेवायला गेली. टेबल आधीच सांगून ठेवलेलं होतं, चौघांचं. ढापण्या जाताना म्हणाला, फ्रिज उघड, आपलंच घर समज.

विमान कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलली. परतीची तारीख बदलता येत नाही. तिकीट काढताना मीच तसलं निवडलं होतं. बदलायची वेळ येईल कशाला, असं वाटलं होतं. बुधवारनंतर चोवीस दिवस उरतात. दगा दिला ढापण्याने. पण ये म्हणाला होता, हेही खोटं नाही. राग नेमका कुठे धरावा ते कळत नाही.

रात्री ८.०५.

हिला फोन केला. तिकडे दुपार. मागून खरवडल्याचा आवाज येत होता. रंगारी. मी काल घर सोडलं आणि हे आज सकाळी हजर. म्हणाली, तुम्ही घरात असलात की दोन दिवसांत रंगारी पळून जातो, म्हणून काढून घेतलं काम. दिवस मी तिकीट काढलं त्याच संध्याकाळी ठरवला होता. सामान सगळं हॉलमध्ये, ती स्वतः रात्री बहिणीकडे झोपायला जाणार. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

चांगलं खडसावायचं ठरवलं. आधी विचारलं, रंग कोणता? म्हणाली, पिवळा. या पिवळ्याला मी अकरा वर्षं नाही म्हणत आलोय.

मी म्हटलं, चांगला दिसेल.

 मग तिने रंगाऱ्यांना थांबायला सांगितलं आणि हळूच विचारलं, अहो, बरं नाही का वाटत तुम्हाला?

म्हटलं, झोप नीट झाली नाही, एवढंच.