पांढरा चौकोन आणि विठ्ठलमामांचा गोब्रा

भरे, ता. मुळशी
४ डिसेंबर २००८

तीर्थरूप विठ्ठलमामांच्या चरणी सुलक्षणाचा वाकून नमस्कार.

पाकीट उघडलंत, यातच माझं अर्धं काम झालं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? गणपतीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्यामुळे तुमची खुशाली मला मामींच्या कुजबुजीतून घ्यावी लागते (आणि मधेच तुमची चाहूल लागली की मामी मोठ्याने ‘राँग नंबर’ म्हणतात). मी बरी आहे. निदान तब्येतीने.

आमचे घरमालक हैबतराव मला अजून ‘समुद्रवाल्या ताई’च म्हणतात. परवा टँकरच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाले, “ताई, तुमी समुद्राचं काम करताया आन हितं हंडाभर पान्यासाठी हुभ्या! ही काय तऱ्हा?” मी हंडा पुढे सरकवला. आमचं ऑफिस लवळ्याच्या डोंगरावर. समुद्र तिथून दिसतो तो फक्त पडद्यावर, निळ्या चौकोनांचा. शेजारच्या टेबलावरच्या अमोघला मुळशी धरणाच्या लाँचमध्येसुद्धा उलटी होते. आणि कोकण किनाऱ्यावर कुठल्या पाण्यात कोण राहतं हे आम्ही दोघं ठरवतो. पद्धत मात्र वाईट नाही. तळ खडकाळ की चिखलाचा, पाणी किती खोल, किती गढूळ, हे प्रत्येक चौकोनात भरायचं. एखादा जीव जिथे खरोखर दिसला तिथली परिस्थिती कॉम्प्युटरला दाखवायची. मग न पाहिलेल्या जागेबद्दलही तो सांगतो, की इथेही असण्याचा संभव आहे. (स्थळ बघताना आपण घर आणि नोकरी बघून मुलाचा स्वभाव ठरवतो तसंच. चुकतंही साधारण तितकंच.) जिथे जीव जास्त, तो चौकोन हिरवा. त्या भागाला हात लावू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता मूळ दुखण्याकडे येते. मे महिन्यात तुम्ही मला होडीतून तुमच्या वाडीसमोरच्या खडकांत नेलंत. भर ओहोटी होती. प्रवाळ मी पाहिलं, कपारीतली लांब मिशांची शेवंडं पाहिली, आणि तुमच्या गरीला लागलेला गोब्रा मासाही पाहिला. तो गोब्रा होडीत हातभर होता, अंगणात दीड हात झाला, आणि रात्री पानावर येईपर्यंत दोन हात. (शेजारी आले तेव्हा तुम्ही दोन्ही हात पसरलेत आणि ते कमी पडले म्हणून मामींचाही एक हात धरलात.) ऑफिसात परत आल्यावर ही नोंद भरायला बसले आणि मनात शंकांचं मोहोळ उठलं. सांगणारा माझा सख्खा मामा. मासे वाढवून सांगण्यात तालुक्यात प्रसिद्ध. आणि पाहणारी मी तरी कोण? त्याच माशाचं कालवण खाऊन आलेली. अशा साक्षीला काय किंमत? म्हणून तुमची नोंद मी गाळली, आणि न्याय सारखा असावा म्हणून माझीही गाळली. रोजनिशीत ‘आज नात्यागोत्याच्या वर उठले’ असं लिहून खाली रेघ मारली. मामा, ती रेघ आता मला बघवत नाही.

सर्वेक्षणाची मोठी बोट त्या खडकांत शिरूच शकली नव्हती, त्यामुळे तिथली खोलीही कुणी मोजलेली नव्हती. आपल्या दोन नोंदी गेल्यावर चौकोनात काहीच उरलं नाही, आणि तो पांढरा राहिला. पांढरा म्हणजे ‘माहिती नाही’, असं मी नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी बंदराच्या समितीला दाखवताना नकाशा मोठा केला आणि कोपरा कापला गेला. समितीला बंदरातला उपसलेला गाळ टाकायला जागा हवीच होती. सगळा किनारा हिरवा आणि मध्ये एकच पांढरा चौकोन! त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं आपल्या खडकांवर. हैबतरावांना नकाशा दाखवला तर म्हणाले, “कोरी जागा दिसली की कुनाची हाय ते कोन इचारतंय व्हय? आमचा माळ बघा. रिकामा दिसला, पडलं की प्लॉट.” (ते प्लॉट त्यांनीच पाडले, हा भाग त्यांनी गाळला. गाळणारी मी एकटीच नाही.)

गणपतीत हे तुम्हाला खरं खरं सांगितलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “खाताना तो खरो होतो, मगे लिवताना खोटो कसो झालो गो?” आणि उठून पडवीत गेलात. गोब्र्याबद्दल तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तीन महिने मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. खोटेपणा टाळायच्या नादात मी डोळ्यांनी पाहिलेलं खरं पुसलं, याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. चुकले, एवढंच सांगायचं होतं. मामींना नमस्कार.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नात्याबाहेरच्या माणसाने तिथे जाऊन पाहिलं, फोटो काढले, तर महिनाअखेरच्या बैठकीआधी चौकोन बदलता येईल. नाहीतर गाळ पडणार. म्हणून पुढच्या शुक्रवारी पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मी अमोघला घेऊन येते आहे. होडी तुमचीच लागेल, कारण त्या खडकांत दुसरं कुणी शिरत नाही. कृपा करून दारातून परत पाठवू नका. अमोघला उलटी होईल, त्याकडे लक्ष देऊ नका.

ता. क. दुसरा. त्या दिवशी दत्तजयंती आहे, म्हणजे तुमच्याकडे मासा शिजणार नाही आणि आमची साक्ष स्वच्छ राहील. गरी घरीच ठेवा. गोब्रा दिसला तर लांबी अमोघलाच सांगू द्या.

ता. क. तिसरा. शनिवारी मात्र आम्ही तिथेच आहोत, हे मामींच्या कानावर घाला. मे महिन्यात तो गोब्रा मी दोनदा वाढून घेतला होता, आणि नकाशात एकदाही घेतला नाही.